वायफायची फाईल

आमच्या हिच्या मामांच्या हाती बिघडलेली वस्तू दिली की ती दुरुस्त होईलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण तिची फाईल मात्र शंभर टक्के तयार होते, हे कुठल्याही स्टँपपेपरवर लिहून द्यायला मी तयार आहे. आमच्या घरातल्या फ्रिजची फाईल आहे, गिझरची आहे, मिक्सरची आहे, दारावरच्या बेलची आहे, आणि एका टेबलफॅनची तर दोन खंडांत आहे. तो पंखा भंगारात देऊन चार वर्षं झाली. मामा बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक विभागात चिकटले आणि तिथूनच अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. पण निवृत्त झाले ते पगारापुरते. बाकीचं कार्यालय त्यांनी नेरूळला माझ्या घरी हलवलं. माझ्या कपाटाचा मधला खण, ज्यात पूर्वी माझे शर्ट असायचे, तो आता अभिलेख कक्ष आहे. शर्ट हल्ली कुठे असतात ते मला रोज सकाळी बायकोला विचारावं लागतं.

दर रविवारी पावणेदहाच्या ठोक्याला मामा हजर होतात. अंगात सफारी, पायात पॉलिश केलेले बूट, आणि खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक हिरवं. हिरव्या शाईचा मान फक्त राजपत्रित अधिकाऱ्याला, आणि मामा राजपत्रित व्हायच्या आतच निवृत्त झाले. त्यामुळे उभ्या नोकरीत त्यांनी हिरव्या शाईला बोट लावलं नाही. आता आमच्या मिक्सरच्या कागदांवर ते हिरव्या शाईत शेरे मारतात. अकरा वाजता चहा, दीड ते दोन जेवणाची सुट्टी, साडेतीनला पुन्हा चहा. जेवणाच्या सुट्टीत काम करायचं नाही म्हणजे नाही. एकदा दीडच्या ठोक्याला ते वॉशिंग मशीनचा पाइप अर्धा उघडा टाकून पानावर येऊन बसले. ओला टॉवेल हातात धरून मी त्यांच्याकडे बघत होतो, आणि ते शांतपणे वरणात तूप घालून घेत होते. "दोनला बघू," असं म्हणून त्यांनी मलाच भात वाढून घ्यायचा आग्रह केला.

तोंडी तक्रार हा प्रकार त्यांना मान्य नाही. ही, म्हणजे वंदना, एकदा म्हणाली, "मामा, मिक्सर घरघर करतोय रे." तर मामा म्हणाले, "लेखी दे." तिने वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे दोन ओळी खरडून दिल्या. त्या कागदावर हिरव्या शाईत 'विषय मोघम आहे, फेरसादर करावे' असा शेरा पडून तो तिच्याकडे परत आला. मग पूर्वपीठिका, सद्यस्थिती, प्रस्ताव अशी चढत्या क्रमाने टिपणी तयार होते, ती मान्यतेसाठी हिच्याकडे जाते, आणि ही 'मान्य' लिहून सही करेपर्यंत वस्तूला कोणी हात लावायचा नसतो. गिझर बंद पडला तेव्हा ही माहेरी साताऱ्याला गेली होती. मान्यता देणारा अधिकारी रजेवर, म्हणून भर जानेवारीत मी नऊ दिवस गार पाण्याने आंघोळ केली. दहाव्या दिवशी इलेक्ट्रिशियनने येऊन दहा मिनिटांत काम केलं, आणि 'काम समाधानकारक झाले' या दाखल्यावर मामांना हवी तशी सही करायला त्याला पाऊण तास लागला. तो माणूस आता आमचा फोन उचलत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मी सहन का करतो? एक तर हिचे वडील ही शाळेत असतानाच गेले. मामांनी हिला साताऱ्याहून बेलापूरला आणलं, शिकवलं, नोकरीला लावलं आणि लग्न करून दिलं. तेव्हा मामांपुढे बोलायची सोय नाही. आणि दुसरं म्हणजे मी थकलेला माणूस आहे. आमची कंपनी कंटेनरमधला माल कस्टममधून सोडवून देते. आठवड्यातले चार दिवस मी जासईच्या यार्डात धूळ खात फिरतो, उरलेले दोन दिवस घरी लॅपटॉपपुढे बसतो. रविवारी माझ्या अंगात वाद घालण्याइतका जीव राहिलेला नसतो. मामी पाच वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून तर एकही रविवार चुकला नाही. खरं सांगायचं तर कधीकधी शनिवारी संध्याकाळपासूनच माझं डोकं दुखायला लागायचं.

त्यांचा मुलगा हेमंत बंगळूरला असतो. गेल्या वर्षभरात तो मला अधूनमधून फोन करून विचारत होता, "बाबांच्यात काही फरक वाटतो का तुम्हाला?" मी आपलं "छे छे, तसेच आहेत" म्हणायचो. फरक नव्हता असं नाही. एका रविवारी साडेदहा झाले तरी मामा आले नाहीत, आणि मग त्यांचा वाशीहून फोन आला. नेरूळला उतरायचं सोडून बसमधून थेट वाशीला गेले होते. "जावईबापू, तुमची बिल्डिंग दिसत नाहीये. जागा बदलली काय?" असं त्यांनी विचारलं, आणि मी तो किस्सा हसत हसत ऑफिसात चार जणांना सांगितला. मग दिवाळीनंतर एकदा त्यांच्या घरी गॅसवर दूध राहिलं. धूर बघून शेजाऱ्यांनी बेल वाजवली, तोवर पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं. हे हेमंतला शेजाऱ्यांकडून कळलं. त्याने ठरवलं की बेलापूरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि बाबांना बंगळूरला न्यायचं. मामांनी साफ नकार दिला. शेवटी असं ठरलं की रविवारी पाच वाजता आमच्या घरून सगळ्यांनी व्हिडिओ कॉलवर बसायचं आणि एकदाचा काय तो निर्णय करायचा. हिला मामा इथेच हवे होते. मला काय हवं होतं ते मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी खरं सांगितलं नसतं.

नेमका त्याच आठवड्यात माझा लॅपटॉप बिघडला. यार्डातला कॉम्प्युटर बंद पडल्यामुळे तो दोन आठवडे जासईलाच होता. शुक्रवारी घरी आणला, तर त्याला आमचं वायफाय दिसेना. आजूबाजूच्या सगळ्यांची नेटवर्कं दिसत होती, आमचं तेवढं नाही. फोनवर वायफाय मात्र व्यवस्थित चालत होतं. शनिवारी सकाळी इंटरनेटवाल्याला बोलावलं. त्याने राऊटरवर हात ठेवला, माझ्या फोनवर एक गाणं लावून बघितलं आणि म्हणाला, "सर, आपलं लाइन एकदम ओके आहे. लॅपटॉपचाच लोचा आहे." मी लॅपटॉप काखोटीला मारून वाशीच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने त्याच्या दुकानातलं वायफाय लावून दाखवलं आणि म्हणाला, "हे बघा, पळतोय. तुमच्या घरच्या वायफायमध्येच प्रॉब्लेम आहे." दोघांचंही खरं होतं, आणि मी तसाच घरी आलो.

कॉल फोनवरूनही झाला असता. मी तसं सुचवलंही. पण रविवारी मामांनी आल्या आल्या बूट काढतानाच हिच्याकडून सगळी हकिगत ऐकली आणि त्यांचे डोळे चमकले. "फोन नको," ते म्हणाले. "हा लॅपटॉप मी चालू करणार, आणि ह्याच लॅपटॉपवरून हेमंतशी बोलणार. मग म्हणू दे त्याला, बापाचं डोकं चालत नाही म्हणून." ही माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घालून लॅपटॉप टेबलावर ठेवला.

मग सुरू झालं. सगळ्यात आधी लेखी तक्रार झाली. ती मीच लिहिली, आणि ती एकदा परत आली. मग वायफायची फाईल काढली गेली. मामा फाईल म्हणत नाहीत, नस्ती म्हणतात. तिच्यात राऊटर बसवल्यापासूनची सगळी हकिगत होती, तीत दोष सापडला नाही. मग मामांनी लॅपटॉपच्या पडद्यावरची नेटवर्कची यादी उघडली आणि एकेक नाव मोठ्याने वाचत हजेरी घेतली. "साईकृपा?" हजर. "पप्पांचं वायफाय?" हजर. "जोशी फॅमिली वरचा मजला?" हजर. शेजाऱ्यांची चौदा नावं निळ्या शाईत उतरली आणि आमच्या नावापुढे हिरव्या शाईत 'विनापरवाना गैरहजर' असं लिहिलं गेलं. त्यानंतर राऊटर बंद करून त्याला पंधरा मिनिटं विश्रांती देण्यात आली. नंतर लॅपटॉपला विश्रांती देण्यात आली. मला देण्यात आली नाही, कारण उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर घेऊन मला घरभर फिरायचं होतं. राऊटरखाली चपलांच्या स्टँडपाशी, स्वयंपाकघरात, बाल्कनीत स्टुलावर उभं राहून, आणि 'एकही जागा तपासायची राहिली असे व्हायला नको' म्हणून संडासातही. प्रत्येक ठिकाणी मामा विचारायचे, "आलं का?" आणि मी म्हणायचो, "नाही." आणि ते ठिकाण आणि वेळ लिहून घ्यायचे. लॅपटॉपमध्ये बिघाड शोधायचं एक बटण असतं, ते दाबलं तर त्याने दोन मिनिटं विचार करून 'कोणतीही समस्या आढळली नाही' असं कळवलं. मामा कडवट हसले. "हात झटकले. मी असली उत्तरं चाळीस वर्षं वाचलीत."

दीड वाजता अर्थातच सगळं थांबलं. दोन वाजता पुन्हा सुरू झालं. अडीचच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की मामा तीच दोन बटणं परत परत दाबतायत. तीनला त्यांनी मला विचारलं, "राऊटरला विश्रांती दिली का आपण?" दिली होती. कागदावर त्यांच्याच हाताने लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "दिली, मामा." ते म्हणाले, "हां, हां, दिली." आणि पाच मिनिटांनी पुन्हा राऊटर बंद केला. घड्याळाकडे मीही बघत होतो आणि तेही बघत होते. हिने साडेतीनचा चहा ठेवला. मामा म्हणाले, "जावईबापू, खणातनं एक कोरा ताव आणा बरं."

मी अभिलेख कक्ष उघडला. तावांच्या गठ्ठ्यातून एक पाकीट खाली पडलं. डिंकाने चिकटवलेलं, आणि वर हिरव्या शाईत, 'गोपनीय. घरातील वायरलेस व्यवस्थेबाबत.' मी ते तिथेच उभ्याउभ्या फोडलं. आत एकच कागद होता, दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारचा. तिसऱ्या मजल्यावरचे पाहुणे जिन्यात बसून आपले वायफाय वापरत असल्याचा संशय आहे, सबब नेटवर्कचे नाव यादीत दिसू नये अशी व्यवस्था राऊटरमध्ये केली आहे. घरातील दोन्ही फोन नवीन व्यवस्थेस जोडून दिले. जावईबापूंचा लॅपटॉप जासईस असल्याने त्याची जोडणी प्रलंबित, तो परत येताच नाव हाताने टाइप करून जोडणे. प्रस्तुत टिपणी गोपनीय असल्याने सर्वसाधारण नस्तीत ठेवू नये. आणि खाली मामांची सही. म्हणजे आमचं नेटवर्क मामांनीच दडवलं होतं, त्याची रीतसर नोंद केली होती, नियमाप्रमाणे ती नोंदही दडवली होती, आणि मग हे सगळंच विसरून गेले होते.

इथे मी काय करायला हवं होतं ते मला आता कळतं. तो कागद खिशात घालायचा, लॅपटॉपवर गुपचूप नाव टाइप करायचं, आणि "मामा, आलं बघा!" असं ओरडायचं. मी ओरडलो, पण वेगळं. "मामा, हा उद्योग तुमचाच आहे! तीन दिवस माझं डोकं पिकलंय, आज सकाळपासून तुम्ही मला घरभर नाचवताय, आणि हे लपवलंय तुम्हीच! असं कसं आठवत नाही तुम्हाला?" हिच्या हातात चहाचा ट्रे होता. तिने तो टेबलावर ठेवला. आणि शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं की पाच वाजता हेमंत जे विचारणार होता, ते मी साडेतीनलाच विचारून बसलो होतो.

मामांनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी चष्मा बदलला आणि तो सावकाश वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. "अक्षर माझं आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "सही पण माझीच." ही म्हणाली, "मामा, त्या दिवशी तू माझा फोन मागितला होतास ना, तेव्हाच केलं असशील. मला वाटलं फोटो बघतोयस. जाऊ दे रे, एवढं काय त्यात." मामांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "टिपणी चांगली आहे," ते म्हणाले. "काय केलं, का केलं, काय बाकी आहे, सगळं आलंय. चाळीस वर्षांत कुठला कागद माझ्या हातून गेला आणि मला आठवला नाही असं झालं नाही, वंदू. नंबरासकट आठवायचा. हा बघ, पंधरा दिवसांचा आहे. मी आत्ता पहिल्यांदा वाचतोय." मग त्यांनी निळं पेन काढलं आणि खाली लिहिलं, 'वरील टिपणी माझी आहे. मला स्मरत नाही.' आणि त्याच्याखाली सही केली. मला बसायला जागा सापडेना.

नाव टाइप करून लॅपटॉप जोडायला दीड मिनिट लागलं. पाच वाजता हेमंत पडद्यावर आला. तो काही बोलायच्या आत मीच घाईघाईने म्हणालो, "हेमंत, लॅपटॉपला वायफाय दिसतच नव्हतं बरं का. मामांनी शोधून काढलं." हेमंतचा चेहरा उजळला. "काय सांगता! बाबा, भारीच की!" ही माझ्याकडे अशी बघत होती की त्या एका नजरेसाठी मी आणखी दहा वेळा खोटं बोललो असतो. पण मामांनी हात वर केला. "खोटी नोंद नको," ते म्हणाले. "बिघाड मीच केला होता. आणि विसरलो. सापडलं ते जावईबापूंना." हेमंत म्हणाला, "अहो बाबा, होतं असं. मी पण विसरतो. मागच्या आठवड्यात गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवली होती मी. तुम्हाला खरंच नसेल यायचं तर आपण परत विचार करू, टेन्शन नका घेऊ." गंमत म्हणजे इतके महिने बापाला न्यायला निघालेला मुलगाच आता माघार घेत होता. मीही म्हणालो, "हो मामा, आम्ही आहोत की इथे." आणि मी ते मनापासून म्हणालो. ऐकून माझं मलाच नवल वाटलं.

मामांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. "मागे आमच्या ऑफिसात एक साहेब होते," ते म्हणाले. "त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांचे कागद आम्ही लिहायचो आणि ते नुसती सही करायचे. सगळे मागनं हसायचे. मी पण हसायचो. आता मला तसं राहायचं नाही. हेमंत, तिकीट काढ." ही उठून आत गेली, आणि तिथून बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. तेव्हा घासायला एकही भांडं शिल्लक नव्हतं, सगळी दुपारीच घासून झाली होती.

तीन आठवड्यांनी ते निघाले. आदल्या रविवारी सफारी घालून आमच्याकडे आले, ते कार्यभार सोपवायला. सोबत दोन प्रतींत यादी होती. कार्यभार देणार म्हणून स्वतःचं नाव, घेणार म्हणून वंदनाचं, आणि साक्षीदार म्हणून माझं. एकेक बाब त्यांनी मोठ्याने वाचली आणि हिने तिच्यापुढे खूण केली. फ्रिज, दाराचा रबर ढिला. गिझर, चालू. बेल, पावसाळ्यात आपोआप वाजते. राऊटर, चालू, नाव आता सर्वांना दिसते. बंगळूरला हेमंतकडे सगळं नवीन आहे, वस्तू फारशा बिघडत नाहीत, असं ते सांगत होते, आणि ही मान हलवत होती. मग सह्या झाल्या. साक्षीदाराच्या जागी सही करताना मी यादीवरून सहज नजर फिरवली, तर खालची एक ओळ त्यांनी वाचून दाखवलेलीच नव्हती. 'जावई, एक. दमलेला असतो म्हणून ओरडतो. मनात काही नसते. सांभाळून घेणे.' मी वर पाहिलं. मामा खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत होते. त्यांना एक नाडी जमत नव्हती. मी त्यांच्यापुढे जमिनीवर बसलो आणि ती बांधून दिली. त्यांना जाऊ नका म्हणावंसं मला फार वाटत होतं.